यंत्राचे डोळे आणि दिव्यांची मांडणी

आपल्या घरांतील पंख्याचा रेग्युलेटर, विजेचें मीटर किंवा पाण्याच्या पंपाचा स्टार्टर यांपैकीं एकादी वस्तु उघडून पाहिली, तर आंत बहुधा हिरव्या रंगाची एक पातळ पाटी आढळते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. आमच्या लहानपणच्या रेडिओंतील सुटे भाग बोटांनीं उचलतां येत असत, व रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे चष्म्यावांचून मोजतां येत असत. आज तेंच काम करणारा रेझिस्टर रव्याच्या कणाएवढा झाला आहे. बाजारांत ज्यास ‘०६०३’ म्हणतात तो १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद असतो. हे आंकडे इंचाच्या शंभराव्या भागांत घेतलेले असतात. ‘०४०२’ हा त्याचा धाकटा भाऊ. त्याची लांबी १ मिलिमीटर व रुंदी अर्धा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ खसखशीचा दाणाच.

हे कण बोर्डावर नेमक्या जागीं बसविणारें यंत्र कोणीं घरीं बनविलें, तर त्या यंत्राला दिसावें कसें, हा आजचा विषय आहे. मी विजेच्या शास्त्रांतला पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, आणि सारा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु प्रकाशाचें परावर्तन हा धडा दरसाल शिकविलेला असल्यामुळें, अशा एका यंत्राच्या जुळणींत दिव्यांचें खातें माझ्या वाट्यास आलें, व त्यांत जें पाहिलें तें सांगण्यासारखें वाटतें.

मोठ्या कारखान्यांतील यंत्रें तासाला असे कित्येक हजार कण बसवितात. पण हजारों बोर्डांचें काम घेणारा कारखाना चाळीस बोर्डांच्या कामाकडे सहसा वळून पाहत नाहीं. पाहिलेंच तर केवळ यंत्र लावण्याची जी मजुरी सांगतो, ती ऐकून लहान कारागीर हात जोडून परत येतो. मग उरतो तो चिमटा. आपल्या पुणें जिल्ह्यांतच पाबळ येथें कै. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथें २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या साहाय्यानें ‘फॅब लॅब’ नांवाची कार्यशाळा निघाली; अमेरिकेबाहेर निघालेल्या अशा कार्यशाळांत ती अगदीं पहिल्यांपैकीं होय. अशा कार्यशाळांतून विद्यार्थी बोर्ड स्वतः कोरतात आणि त्यावर चिमट्यानें एकेक भाग ठेवून डाख देतात. शिकण्यासाठीं ही रीति उत्तम आहे. पोटासाठीं तीच करावी लागली म्हणजे तिचा भार डोळ्यांवर पडतो.

पुणें-सातारा रस्त्यावरील आमच्या कामथडीस माझा पुतण्या टाकींतील पाण्याची पातळी पाहून पंप आपोआप बंद करणारीं छोटीं उपकरणें करून विकतो. महिन्यास सुमारें चाळीस बोर्ड, आणि एकेका बोर्डावर बासष्ट भाग. म्हणजे २४८० भाग झाले. हे भाग त्याची आई, म्हणजे माझी भावजय, चिमट्यानें लावीत असे. भागास दहा सेकंद धरले तरी हें काम सात तासांचें होतें, आणि तें एकटक नजरेचें. वय वाढत जातें तसतसें डोळ्यांतील भिंग ताठर होत जाऊन जवळचें दिसेनासें होतें, हें सर्वांना ठाऊक आहे. पन्नाशी उलटल्यावर तिला रेझिस्टर उलटा पडला कीं सुलटा हें कळेनासें झालें. पगारी माणूस ठेवावा, तर चाळीस बोर्डांत त्याचा पगार निघत नाहीं. तेव्हां धंदा गुंडाळावयाचा कीं यंत्र करावयाचें असा प्रश्न पडला, आणि पुतण्यानें यंत्र करावयास घेतलें.

असें यंत्र घरीं करणारा तो कांहीं पहिला नव्हे. अमेरिकेंतील जेसन व्हॉन नीडा यांनीं आरंभिलेली ‘ओपनपीएनपी’ नांवाची संगणकाची आज्ञावली कोणासहि विनामूल्य वापरतां येते. स्टीफन हॉज यांनीं ‘लुमेनपीएनपी’ या यंत्राचे आराखडे सर्वांस खुले करून दिले आहेत. यंत्राची रचना समजण्यास सोपी आहे. चौकटीवर दोन दिशांनीं सरकणारें एक डोकें असतें. त्या डोक्याला सुईसारखी पोकळ नळी, म्हणजे नोझल, बसविलेली असते. सुटे भाग कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवरील खळग्यांत एकामागून एक ठेवून गुंडाळीच्या रूपानें येतात. ८ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर हे खळगे बहुधा ४ मिलिमीटर अंतरावर असतात. नळी खळग्यावर येते, हवा ओढून भाग चिकटवून घेते, बोर्डावर नेते, आणि हवा सोडून तेथें ठेवते. बोर्डावर अगोदरच कथलाचा चिकट लेप दिलेला असतो. पुढें बोर्ड तापविला कीं लेप वितळून डाख बसतो.

मग डोळे कशाला हवेत, असें आपण विचाराल. याचें कारण असें, कीं खळगा भागापेक्षां किंचित् मोठा असतो व भाग त्यांत थोडासा वांकडा पडलेला असतो. नळीनें तो उचलला तेव्हां मध्याच्या एक-दोन दशांश मिलिमीटर बाजूला व दोन-चार अंश फिरलेला असा आला, हें नेहमींचेंच आहे. बोर्डहि दर वेळीं तंतोतंत त्याच जागीं बसत नाहीं. शंभर पायांची, १४ मिलिमीटर चौरस अशी एकादी आय.सी. घ्या. तिचे पाय अर्ध्या मिलिमीटरावर एक असे असतात आणि दोन पायांमधील मोकळी जागा जेमतेम पाव मिलिमीटर. ती एक अंशानें फिरली, तर मध्यापासून ८ मिलिमीटरांवरील पाय ०.१४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे मोकळ्या जागेचा अर्धा भाग खाऊन टाकतो. दोन अंश फिरली तर पाय शेजाऱ्याच्या घरांत.

म्हणून यंत्राला दोन डोळे देतात. पहिला डोक्याबरोबर फिरतो व खालीं पाहतो. बोर्डाच्या कोपऱ्यांवर सुमारें १ मिलिमीटर व्यासाचे उघड्या तांब्याचे वाटोळे ठिपके मुद्दाम ठेवलेले असतात. ते सांपडले कीं बोर्ड कोठें व किती तिरपा आहे याचा हिशेब लागतो. दुसरा डोळा मेजावर स्थिर असून वर पाहतो. उचललेला भाग त्याच्यावर क्षणभर धरावयाचा, तो किती सरकला व फिरला हें मोजावयाचें, आणि तेवढी दुरुस्ती करून पुढें जावयाचें.

आतां कॅमेरा. १९१८ सालीं कोल्हापुरास बाबूराव पेंटर व त्यांचे सहकारी यांनीं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला, तेव्हां कॅमेरा हीच मोठी दुर्मिळ वस्तु होती. आज परिस्थिति उलटी आहे. संगणकास जोडण्याचा यू.एस.बी. कॅमेरा खेळण्यासारखा मिळतो, आणि त्यामुळें घरगुती यंत्र करणारे लोक अधिकाधिक पिक्सेलांच्या मागें लागतात. माझ्या मतें हा खर्च बहुतेक वायां जातो. १२८० बाय ७२० पिक्सेलांचा साधा कॅमेरा घ्यावा, आणि भिंग असें निवडावें कीं चित्रांत ३२ मिलिमीटर रुंदीची जागा मावेल. एका मिलिमीटरास ४० पिक्सेल मिळाले. खुणेचा ठिपका ४० पिक्सेल रुंद झाला, आणि खसखशीएवढा तो ‘०४०२’ देखील ४० बाय २० पिक्सेलांचा झाला. घरीं केलेल्या यंत्राची चालच मुळीं पांच-दहा शतांश मिलिमीटरांनीं मागेंपुढें होणारी; तिला अडीच शतांश मिलिमीटर ओळखणारा डोळा पुरेसा आहे. पाहावयाचें तें इतकेंच, कीं भिंगाचें मळसूत्र घट्ट बसतें. एकदां नीट दिसूं लागलें कीं तेथें डिंकाचा एक थेंब सोडून तें कायमचें पक्कें करावें, नाहींतर डोक्याच्या हादऱ्यांनीं महिन्याभरांत चित्र अंधुक होतें.

खरी अडचण पुढें आहे. कॅमेरा बोर्ड पाहत नाहीं. बोर्डावरून परत आलेला उजेड पाहतो. कथलाचा मुलामा दिलेला ठिपका हा एक लहानसा आरसा आहे. आरशाला स्वतःचें रूप नसतें, समोर जें असेल तें तो दाखवितो. समोर दिवा असला तर ठिपका लखलखीत पांढरा, अंधार असला तर कोळशासारखा काळा, आणि अर्धा दिवा अर्धा अंधार असला तर काबरा. आपल्या डोळ्यांना तिन्ही वेळां ठिपकाच दिसतो, कारण आपण जन्मापासून शिकलेलों असतों. संगणकाला तें ज्ञान नाहीं. त्याला पांढरें व काळें यांची सीमा हवी. ती सीमा ठिपक्याच्या कडेवर पडली तर उत्तर बरोबर, आणि चकाकीच्या कडेवर पडली तर चुकीचें, व तें तितक्याच ठामपणानें दिलेलें.

याचें प्रत्यंतर पुतण्याच्या पहिल्या मांडणींत आलें. त्यानें भिंगाभोंवतीं एल.ई.डी. दिव्यांचें ४० मिलिमीटर व्यासाचें तयार कडें बसविलें होतें, कारण बाजारांत तेंच मिळतें. उजेड भरपूर पडला. पण बोर्डावर दिव्यांच्या प्रतिबिंबांची एक माळ उमटली, आणि यंत्र खुणेच्या ठिपक्याऐवजीं त्या माळेंतील मणी पकडूं लागलें. शाळेंतला नियम येथें कामास येतो. दिवा व भिंग एकाच उंचीवर असतील, तर खालच्या सपाट आरशांत दिव्याचें प्रतिबिंब त्या दोहोंच्या बरोबर मध्यावर पडतें. कड्याची त्रिज्या २० मिलिमीटर, म्हणून प्रतिबिंब मध्यापासून १० मिलिमीटरांवर, म्हणजे ऐन चित्रांत. आमचें चित्र ३२ बाय १८ मिलिमीटरांचें. त्याचा कोपरा मध्यापासून साधारण १८.४ मिलिमीटर दूर. तेव्हां कड्याची त्रिज्या याच्या दुपटीहून, म्हणजे ३७ मिलिमीटरांहून, अधिक ठेवली कीं माळ चित्राबाहेर जाते. आम्हीं ८० मिलिमीटर व्यासाचें कडें केलें आणि माळ नाहींशी झाली.

एवढ्यानें काम झालें असतें, पण कथलाचा मुलामा सपाट नसतो. तो पाण्याच्या थेंबासारखा फुगीर असतो, आणि फुगीर आरसा इकडचेतिकडचे सर्व दिवे आपल्या पाठीवर गोळा करतो. माळ गेली, तरी प्रत्येक ठिपक्यावर चकाकीचे चार-सहा कण राहिले. अशा वेळीं दिवे वाढवून कांहीं होत नाहीं. दिवा पसरावा लागतो. आभाळ भरून आलेल्या दिवशीं पितळेच्या समईचें छायाचित्र किती सुरेख येतें, आणि लख्ख उन्हांत तीच समई कशी डाग पडल्यासारखी दिसते, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें सहज उमजेल. पसरलेल्या ढगांतून उजेड सर्व बाजूंनीं येतो, म्हणून आरशाला कोणीकडेहि पाहिलें तरी पांढरेंच दिसतें. आम्हीं दिव्यांसमोर ट्रेसिंग पेपरचे दोन पदर लावले. दुधी ॲक्रिलिकची चकतीहि चालते. त्याहून चांगली युक्ति म्हणजे प्लॅस्टिकचा चेंडू अर्धा कापून आंतून पांढरा रंगवावा, वर भिंगापुरतें भोंक ठेवावें, आणि दिवे खालीं कडेला, चेंडूच्या आंतल्या अंगाकडे तोंड करून लावावेत. सारा घुमट उजळतो व धातु एकसारखा पांढरा दिसतो. दोष एकच, कीं भिंगाच्या भोंकाचें प्रतिबिंब चित्राच्या मधोमध काळा डाग होऊन बसतें. तो घालविण्यास भिंगाखालीं ४५ अंशांत स्वच्छ काच धरून बाजूच्या दिव्याचा उजेड सरळ खालीं पाडावा लागतो. काचेवरून थोडाच उजेड परततो, तरी इतक्या जवळच्या कामाला तेवढा पुरतो.

येथें एक गोष्ट ठरविली पाहिजे, आणि ती बहुतेक लोक ठरवीत नाहींत. धातु पांढरा दिसावयास हवा कीं काळा? दोन्ही चालतात. घुमटाच्या उजेडांत तो पांढरा दिसतो. दिवे अगदीं आडवे, बोर्डाच्या सपाटीलगत ठेवले, तर सपाट धातूवरील उजेड पलीकडे निघून जातो, भिंगांत येत नाहीं, व धातु काळा दिसतो. फक्त कडा, ओरखडे, धूळ व उंचवटे चमकतात. हरवलेली सुई शोधतांना आपण बॅटरी जमिनीवर आडवी धरतों, किंवा तांदळांतील खडे निवडतांना सूप दाराच्या तिरप्या उजेडांत नेतों, ती हीच रीति. दोन्ही रीतींची सरमिसळ मात्र करूं नये, कारण काबऱ्या ठिपक्याएवढा वाईट ठिपका नाहीं.

वर पाहणाऱ्या डोळ्याचा प्रश्न निराळा आहे. त्याच्यासमोर भाग असतो, भागामागें नळीचें चकचकीत टोंक असतें, आणि त्यामागें यंत्राचें सारें डोकें. रेझिस्टर वरून काळा असला तरी खालून चिनीमातीचा पांढरा असतो, कपॅसिटर तपकिरी, आय.सी. काळी व तिचे पाय चांदीसारखे. या सर्वांहून वेगळी अशी पार्श्वभूमि पाहिजे. म्हणून नळीच्या टोंकामागें मंद, बिनचकाकीची हिरवी चकती बसवितात. हिरव्या रंगाचे भाग क्वचितच असतात, त्यामुळें संगणकाला ‘हिरवें तेवढें वगळ’ अशी सोपी आज्ञा देतां येते. काळी चकती रेझिस्टरला उत्तम, पण काळ्या आय.सी.चें अंग तींत बुडून जातें. तेथें केवळ पाय मोजून भागतें, आणि खरें पाहतां मोजावयाचे असतात तेहि पायच.

या डोळ्यावर धूळ बसते, आणि नळीवरून सुटलेले भागहि त्यांत पडतात. यासाठीं त्यावर काच ठेवतात. ही काच कॅमेऱ्याच्या वर पण दिव्यांच्या खालीं असावी. दिवे काचेच्या खालीं गेले, तर काच त्यांचेंच प्रतिबिंब कॅमेऱ्याला दाखवीत बसते. भोर तालुक्यांतल्या पावसाळ्याविषयीं मीं काय सांगावें! सकाळीं काचेवर ओल धरलेली असते. यंत्र सुरू करण्यापूर्वीं दिवे कांहीं वेळ लावून ठेवले कीं त्यांच्या उबेनें ती ओल जाते, आणि कॅमेराहि एका उष्णमानावर स्थिरावतो. तापतांना धातूची पट्टी वाढते आणि तिच्यावरचा कॅमेरा सरकतो. तो थोडाच सरकतो, पण आपण शतांश मिलिमीटरांच्या गोष्टी बोलत आहों.

रंगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. हिरव्या बोर्डावर तांबडा उजेड टाकला, तर हिरवा थर तो गिळून काळपट होतो व तांबें, सोनें किंवा कथील उठून दिसतें. ही जुनी, चांगली युक्ति आहे. परंतु रंगीत कॅमेऱ्यांत चार बिंदूंमागें एकच बिंदु तांबडा उजेड घेणारा असतो. बाकीचे तीन आंधळे राहतात व चित्राची बारकाई कमी होते. म्हणून तांबडा दिवा एकरंगी कॅमेऱ्याला, आणि पांढरा दिवा रंगीत कॅमेऱ्याला, असें सर्वसाधारणपणें समजावें.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती दिसण्यांत क्षुल्लक, पण तिनें आमचे सर्वांत अधिक दिवस खाल्ले. मांडणी सकाळीं चालते व सायंकाळीं बिघडते. कारण पश्चिमेची खिडकी! दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडथोडी करून चित्रित केली. अशा कामांत कॅमेरा एका जागीं पक्का असावा लागतो, आणि उजेड आज एक, उद्यां दुसरा असा होऊन चालत नाहीं. यंत्राच्या बाबतींतहि हेंच. पुतण्यानें डोक्याभोंवतीं काळ्या कागदाची झालर लावली, म्हणजे कामाच्या जागीं यंत्राचाच दिवा, दुसऱ्याचा नाहीं. कॅमेऱ्यांत उजेड आपोआप कमीअधिक करण्याची व रंग आपोआप सांवरण्याची सोय असते. घरगुती छायाचित्राला ती वरदान आहे. येथें ती तत्काळ बंद करावी. नाहींतर काळी आय.सी. समोर आली कीं कॅमेरा चित्र उजळ करतो, पांढरा रेझिस्टर आला कीं मंद करतो, आणि आपण ठरविलेली काळ्या-पांढऱ्याची सीमा रोज हलत राहते.

विजेचाहि एक खोडसाळपणा आहे. आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळां उलटसुलट वाहते, त्यामुळें साधा दिवा सेकंदास १०० वेळां कमीजास्त होतो. डोळ्याला हें जाणवत नाहीं, पण स्वस्त कॅमेरा चित्र एकदम न घेतां ओळीओळीनें घेतो, म्हणून चित्रावर आडवे काळे पट्टे सरकतांना दिसतात. दिवे एकदिक् विजेवर, चांगल्या अडॅप्टरवर लावावेत. उजेड कमी करण्यासाठीं दिवा जलद उघडमीट करण्याची रीति प्रचारांत आहे, तिनेंहि हेच पट्टे येतात. त्यापेक्षां मार्गांत रेझिस्टर वाढवून प्रवाह कमी करावा. गांवांत विजेचा दाब वरखालीं होतो. अडॅप्टर बरा असेल तर दिव्याला तें कळत नाहीं.

दिवे लागले, चित्र स्वच्छ झालें, कीं मोजमाप. एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर हें पट्टीनें मोजण्यापेक्षां यंत्राकडूनच मोजवावें. एका ठिपक्यावर कॅमेरा आणावा, डोकें १० मिलिमीटर सरकवावें, आणि ठिपका चित्रांत किती पिक्सेल सरकला तें पाहावें. यांत एक खड्डा आहे, तो उंचीचा. वस्तु जवळ आली कीं मोठी दिसते. कॅमेरा ८० मिलिमीटर उंच असेल आणि मोजमाप मेजाच्या पृष्ठभागावर केलें असेल, तर १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डाचा वरचा भाग दोन टक्के मोठा दिसतो. चित्राच्या कडेला, म्हणजे मध्यापासून १६ मिलिमीटरांवर, हा फरक ०.३२ मिलिमीटर होतो. त्यापायीं रव्याचा कण आपल्या जागेवरून अर्धा घसरलाच म्हणावयाचा. उपाय असा, कीं ठिपका चित्राच्या कडेला दिसला तर तेवढ्यावर भरंवसा न ठेवतां डोकें हलवून त्याला मधोमध आणावें व पुन्हां मोजावें. भिंग सरळ खालीं पाहत असेल तर मध्यभागीं उंचीचा फरक लागत नाहीं. यंत्र हें दोन-तीनदां आपोआप करतें. त्याच न्यायानें, भाग वरच्या डोळ्यासमोर धरावयाचा तोहि दर वेळीं त्याच उंचीवर धरला पाहिजे.

नळी व कॅमेरा यांच्यामधील अंतरहि यंत्राला सांगावें लागतें. आम्हीं मेजावर मेणाचा पातळ थर दिला, नळी त्यांत हलकेंच टेंकवून खूण उठविली, मग कॅमेरा त्या खुणेवर आणला. डोकें जितकें सरकलें तें अंतर. नळीचें टोंक किंचित् वांकडें असतें, म्हणून ती वरच्या डोळ्यासमोर पूर्ण फेरा फिरवावी. टोंक चित्रांत एक बारीक वर्तुळ काढतें, व त्या वर्तुळाचा मध्य हा नळीचा खरा आंस. आणखी एक पथ्य असें, कीं डोकें थांबतांक्षणींच चित्र घेऊं नये. चौकट थरथरत असते. शिवाय सेकंदाला ३० चित्रें देणाऱ्या कॅमेऱ्याकडून हातीं आलेलें चित्र एक-दोन चित्रांइतकें शिळें असूं शकतें. लागोपाठच्या दोन चित्रांत कांहीं फरक दिसेनासा झाला कीं मग मोजावें.

एवढें करून आमचें यंत्र एका भागास सुमारें आठ सेकंद घेतें. म्हणजे तासाला साडेचारशे भाग, व महिन्याचें काम साडेपांच तासांत. चिमट्याशीं तुलना केली तर वेगाचा नफा थोडाच आहे, आणि ज्यांना वेगाची आशा आहे त्यांनीं हें यंत्र करूं नये. मात्र त्या साडेपांच तासांत भावजय पट्ट्या बदलण्याचें व झालेले बोर्ड भिंगाखालीं एकवार पाहण्याचें काम करते, आणि मधल्या वेळांत तिचे डोळे मोकळे असतात. यंत्रावर झालेल्या एकंदर खर्चांत दिवे, ट्रेसिंग पेपर, चेंडू व काळा कागद यांचा वांटा सर्वांत लहान आहे, आणि आमची खटपट मात्र निम्म्याहून अधिक त्यांवरच झाली.

एक भाग अजून यंत्राच्या ताब्यांत आलेला नाहीं, तो म्हणजे तार जोडण्याची यू.एस.बी.ची खोबण. तिचें अंग चकचकीत पत्र्याचें व घड्याघड्यांचें असल्यामुळें, थोडी फिरली कीं तिचें रूपच बदलतें. त्यासाठीं पुतण्यानें दिव्यावर व भिंगावर एकमेकांशीं काटकोनांत अशा ध्रुवणाच्या पातळ फिती लावून पाहिल्या. धातूवरची चकाकी अशा फितींतून पार होत नाहीं, म्हणून पत्रा एकसारखा काळा दिसूं लागला. पण हिरवी चकतीहि त्या उजेडांत इतकी मंद झाली, कीं काळ्यावर काळें. आतां तो तेथें पांढरी चकती लावून पाहत आहे. तोंपर्यंत ही खोबण हातानें बसवितात. ती आंगठ्याच्या नखाएवढी असल्यानें भावजयीला चष्म्यानें चांगली दिसते.